अंदमानात दिवस मोजू नका, सकाळी मोजा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकचं चौघांचं कुटुंब, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, अंदमानात पाच रात्री आणि सहा दिवस. विचारणारे स्वतः ४२ वर्षांचे, पोहता येतं. वहिनींना पोहता येत नाही आणि चष्मा आहे. मुलगा १३ वर्षांचा, त्याला ‘सगळं’ करायचंय. आई ६६ वर्षांच्या, गुडघे दुखतात. हातात यादी आहे ती स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं), सी-वॉक, पॅरासेलिंग, जेट-स्की, काचेच्या तळाची बोट, रात्रीचं कयाकिंग, एलिफंट बीच, राधानगर, नील, रॉस, नॉर्थ बे, बाराटांग, सेल्युलर जेल आणि तिथला ध्वनिप्रकाश कार्यक्रम अशी चौदा गोष्टींची. आणि हे सगळं बसवायचं तर नील बेट वगळावं का, असं विचारलंय.

मी मूळचा मालवणचा. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर नऊ हंगाम लोकांना पाण्याखाली नेण्याचं काम केलं, आता पुण्यात बसून लोकांच्या सहली आखून देतो. अशा याद्या माझ्याकडे दर आठवड्याला येतात. नीलचं उत्तर पुढे देतोच, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही सहा दिवस धरून चाललाय. बेटावर कामाला येते ती सकाळ, आणि तुमच्याकडे सकाळी आहेत चार.

कशा, ते सांगतो. पहिल्या दिवशी चेन्नईला विमान बदलून तुम्ही दुपारी एकच्या सुमारास उतरणार. सहाव्या दिवशी अकराचं परतीचं विमान. दोन्ही टोकं गेली. उरल्या मधल्या चार सकाळी. आता अंदमानचं घड्याळ बघा. हातातलं घड्याळ तेच, पण बेटं ९२-९३ अंश पूर्व रेखांशावर. नाशिकपेक्षा जवळपास सव्वा तास आधी उजाडतं आणि तितकंच आधी मावळतं. फेब्रुवारीत साडेपाचच्या आसपास सूर्य पाण्यात गेलेला असतो. आपल्याकडे चार म्हणजे चहाची वेळ. तिथे चार म्हणजे दिवस संपत आला. त्यात दुपारनंतर वारा उठतो, छोट्या बोटी परतीला लागतात. पाण्यात उतरायचं काम दुपारी बारापर्यंत उरकलं तर उरकलं.

म्हणून माझा साधा हिशोब असा असतो की एका सकाळी पाण्यातलं एकच मोठं काम. दुसरं बसतं, पण मग ते उरकणं होतं. मुलगा ओल्या कपड्यांत गाडीत बसलेला, आई हॉटेलच्या पायरीवर वाट बघत, आणि तुम्ही फोनवर पुढच्या बोटवाल्याशी बोलताय, असं चित्र मी फार पाहिलंय.

स्कूबापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळी आखणी त्याच्याभोवती फिरते. आपल्या लोकांना चांगली गोष्ट शेवटी ठेवायची सवय आहे. माझा मावसभाऊ चार दिवसांसाठी आला होता तेव्हा त्याने स्कूबा शेवटच्या सकाळी ठेवलं, ‘शेवट गोड’ म्हणून. त्या सकाळी समुद्र खवळला आणि आम्ही कुणालाच उतरवलं नाही. मी स्वतः तिथे असून घरच्या माणसाला पाण्याखाली नेऊ शकलो नाही, ते तो अजून ऐकवतो. स्कूबा पहिल्या मोकळ्या सकाळी ठेवलं तर हवा बिघडली तरी पुढची सकाळ हातात राहते.

दुसरं कारण शरीराचं. टाकीतली दाबाखालची हवा घेताना रक्तात नायट्रोजन जास्त विरघळतो, आणि तो सावकाश बाहेर पडायला वेळ लागतो. तो पुरता बाहेर पडायच्या आत विमानात बसलात तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. साध्या एका डाईव्हनंतर निदान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाईव्ह केल्यात तर निदान १८ तास विमान नको, असा सर्वमान्य संकेत आहे. मी सरसकट २४ धरतो. त्यामुळे तुमच्या पाचव्या दिवशी स्कूबाचं नावही नको.

वहिनींना पोहता येत नाही हा अडथळा नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी जी डाईव्ह असते ती कमाल १२ मीटरपर्यंत असते, प्रत्यक्षात बहुतेक जण त्याच्या बरेच वर राहतात, आणि इन्स्ट्रक्टर तुमची टाकी धरून सतत सोबत असतो. आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव होतो. तोंडाने श्वास घ्यायचा, मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने फुंकून काढायचं, आणि खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकून कान मोकळे करायचे. दहा मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो, म्हणून ही कानाची गोष्ट महत्त्वाची. कान दुखायच्या आधी मोकळा करायचा, दुखल्यावर नाही. खुणांमध्ये एकच घोटाळा नेहमी होतो. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मस्त’ नसतो, ‘मला वर न्या’ असा असतो. खूश होऊन अंगठा दाखवणारे आणि मग आपल्याला इतक्या लवकर वर का आणलं म्हणून भांडणारे किती तरी काका मी पाहिलेत. मस्त असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं.

पोहता न येणाऱ्यांना मी बोटीवरून उडी मारायच्या डाईव्हपेक्षा किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायची डाईव्ह सुचवतो. हॅवलॉकला नेमो रीफ अशीच जागा आहे. पायाखाली वाळू लागत असते, भीती वाटली तर उभं राहता येतं, आणि मन तिथेच निम्मं शांत होतं. मासे बोटीच्या डाईव्हइतके भारी नसतील, पण पहिल्या वेळी माणूस माशांपेक्षा स्वतःचा श्वासच ऐकत असतो.

चष्म्याचं काय? मास्कच्या आत चष्मा बसत नाही. काही केंद्रांकडे नंबरचे मास्क असतात. आधी फोन करून नंबर सांगा. आणि तुम्हाला मिशी असेल तर मास्कमधून थोडं थोडं पाणी झिरपत राहील. वरच्या ओठावर व्हॅसलीन लावून भागतं बऱ्याच वेळा. मिशी काढा म्हणायचं धाडस मी एकदाच केलं, कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला. पुन्हा केलं नाही.

इथे खरं तर परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट येते. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काही असेल तर फॉर्मवर लपवू नका. डॉक्टरांच्या लेखी होकाराशिवाय उतरू नका. साधी सर्दीसुद्धा डाईव्ह रद्द करायला पुरेशी असते, कारण सर्दीत कान मोकळे होत नाहीत. मुलाचं वय बसतं, किमान अट १० वर्षांची असते. आईंना मी खाली पाठवणार नाही. केंद्र निवडताना सगळे भाव विचारतात. तुम्ही त्याआधी विचारा की एका इन्स्ट्रक्टरबरोबर किती माणसं असतील आणि उथळ पाण्यातला सराव किती वेळ. पहिल्या उत्तरात ‘एक’ ऐकू आलं नाही तर पुढचं केंद्र बघा. पाण्याखालच्या फोटोंचा आग्रह धरणारा आणि सरावाबद्दल गुळमुळीत बोलणारा मला कधीच आवडला नाही.

आधी भीती घालवायची असेल तर दोन महिने हातात असतील तेव्हा तारकर्लीला एक फेरी मारून या. आमच्या मालवणच्या पाण्यात अंदमानइतकं लांबचं दिसत नाही, हे मालवणचा असूनही कबूल करतो, पण श्वास घ्यायची पद्धत तीच आहे. तेही जमत नसेल तर नाशिकच्या पोहण्याच्या तलावात वहिनींना स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून तोंडाने श्वास घ्यायचा चार दिवस सराव करू द्या.

स्कूबा करणार असाल तर सी-वॉक सोडा. डोक्यावर हेल्मेट ठेवतात, वरून नळीने हवा येते आणि तुम्ही तळावर पाच-दहा मिनिटं उभे राहता. हजारो पाय पडलेल्या त्या तळावर बघायला फारसं उरलेलं नसतं. एकच अपवाद: चष्मा लावून खाली जाता येतं. वहिनींना नंबरचा मास्क मिळाला नाही आणि त्यांना पाण्याखाली जायचंच असेल, तर सी-वॉक त्यांच्यासाठी ठेवा.

आता बोटी. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजय पुरम) ते हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप हा प्रवास खासगी वेगवान बोटीने साधारण दीड ते अडीच तासांचा. हॅवलॉक ते नील म्हणजे शहीद द्वीप तासाभरात. बोटीची वेळ ठरली की मगच हॉटेल ठरवा. लोक नेमकं उलटं करतात आणि मग दुपारची बोट घेऊन एक आख्खी सकाळ धक्क्यावर घालवतात. फेब्रुवारीत समुद्र सहसा शांत असतो, तरी बोट लागणाऱ्याने निघायच्या अर्धा तास आधी गोळी घ्यावी. बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही.

परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच. यात मी कुणाचंच ऐकत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक-नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले, शेवटी नौदलाची जहाजं न्यायला आली. फेब्रुवारीत असं घडण्याची शक्यता कमी आहे, पण चौघांची विमानाची तिकिटं बुडण्यापेक्षा शहरातली एक रात्र स्वस्त.

यादीतलं काय काढायचं? पहिलं बाराटांग. पोर्ट ब्लेअरहून शंभरेक किलोमीटर, पहाटे तीन-चारला उठून जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्याची रांग धरायची, मग फेरी, मग छोटी बोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत चाल. आईंच्या गुडघ्यांचा तिथेच निकाल लागेल, आणि चारातली एक सकाळच नव्हे तर आख्खा दिवस जाईल. शिवाय तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो बंद करायचा आदेश दिला होता, तरी ताफे चालूच राहिले. जारवांचे फोटो काढणं गुन्हा आहे. पण फोटो नाही काढला तरी गाडीतल्या माणसांचे डोळे काय शोधत असतात ते मला माहीत आहे, आणि म्हणून मी गेल्या काही वर्षांत कुणालाच ती सहल लावून दिलेली नाही. गुहा बघायची फारच हौस असेल तर आपल्याकडे कमी नाहीत. पांडवलेणी तर तुमच्या घराजवळ आहेत.

दुसरं नॉर्थ बे. तिथे जे मिळतं ते सगळं एलिफंट बीचवर मिळतं, पाणी जास्त चांगलं. जुन्या तांबड्या वीस रुपयांच्या नोटेवरचं माडांचं चित्र तिथलं आहे, एवढं मुलाला सांगा म्हणजे झालं. रॉस बेट सुंदर आहे, पण तुमच्या वेळेत बसत नाही.

जेट-स्की आणि पॅरासेलिंग वेगळे ठरवूच नका. एलिफंट बीचला गेलात की मुलगा समोर बघेल, वारा अनुकूल असेल तर तिथेच पैसे भरून करेल. हॅवलॉकच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने वीसेक मिनिटांत पोचता. जंगलातून पायवाटही आहे, तुम्ही आणि मुलगा चालत जाऊ शकता, पण आईंसाठी बोटच, आणि बोटीतून उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकायची तयारी हवी. नको वाटलं तर त्यांना त्या सकाळी हॉटेलच्या अंगणात समुद्र बघत बसू द्या, ओढून नेऊ नका. स्नॉर्केलिंग करताना पोवळ्यावर उभं राहायचं नाही, हे मुलाला बोटीतच बजावा. २०१० साली पाणी तापून अंदमानातलं बरंच पोवळं पांढरं पडलं होतं. जे सावरलंय ते आपल्या टाचेखाली जायला नको. आणि हत्ती दिसणार नाहीत. पोहणारा राजन हत्ती हॅवलॉकचाच, तो २०१६ साली गेला. लोक अजून त्याची चौकशी करतात.

रात्रीचं कयाकिंग हे यादीतलं सगळ्यात अनपेक्षित सुख आहे, पण ते तिथीवर अवलंबून. वल्हं मारलं की पाण्यातले सूक्ष्म जीव निळसर चमकतात. चांदणं असेल तर ती चमक फिकी पडते. भिंतीवरचं कालनिर्णय काढा: अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस असाल तर नक्की करा, पौर्णिमेजवळ असाल तर पैसे वाचवा आणि त्याऐवजी पहाटे खारफुटीतून कयाक न्या.

कालनिर्णय काढलंच आहे तर भरती-ओहोटीचंही बघा. फक्त एक सावधगिरी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे कोकणातलं गणित तिथे तसंच लागू पडत नाही. प्रत्येक बंदराची वेळ निराळी. हॉटेलवाल्याला किंवा बोटवाल्याला विचारा. नीलवरचा लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकपूल ओहोटीलाच नीट बघता येतो. भरतीला गेलात तर खडकावर घसरायला होतं आणि पुलाखाली जाताच येत नाही.

तर नील ठेवा. छोटं, सपाट, शेतं आणि केळीच्या बागांचं बेट आहे, आईंना हॅवलॉकपेक्षा तेच आवडेल. भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट असते, त्यात बसून त्यांना पोवळी बघता येतील, पायही भिजणार नाहीत फारसे.

आखणी मी अशी करेन. पहिल्या दिवशी उतरल्यावर जेवून थेट सेल्युलर जेल आणि संध्याकाळी तिथलाच ध्वनिप्रकाश कार्यक्रम. कार्यक्रमाची तिकिटं आधीच काढा आणि त्या वारी तुरुंग बंद नाही ना, हे निघण्यापूर्वी तपासा. आपल्याकडची मंडळी तिथे जाऊन तडक सावरकरांच्या कोठडीपाशी जातात, फोटो काढतात आणि खाली येतात. जावंच तिथे, १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं आहेत ती, आणि बाबाराव त्याच तुरुंगात असून दोघा भावांना कित्येक महिने एकमेकांचं तोंड दिसलं नव्हतं. पण कोठडीच्या दारात उभं राहून समोर बघा. समोर दुसऱ्या इमारतीची पाठ दिसते. सातही इमारती अशाच बांधल्या होत्या, की एकाही कैद्याला समोरच्या कैद्याचा चेहरा दिसू नये. आता त्यातल्या तीन उरल्यात. मधल्या मनोऱ्यात प्रांतवार नावं कोरलेली आहेत, ती मुलाला वाचायला लावा. बंगालची यादी किती लांब आहे ते त्याला तिथेच कळेल. जिने चढणं आईंना जमलं नाही तर खालचा कोलू, म्हणजे कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा घाणा, आणि पिंपळाखालचा पार पुरे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बोटीने हॅवलॉक. सामान टाकून, जेवून, तीनच्या आत राधानगरला पोचा. धक्क्यापासून १२ किलोमीटर आहे आणि सूर्यास्त साडेपाचला, हे विसरून लोक पाचला निघतात. पोहायचं ते जीवरक्षक असतील तिथेच. मगरींच्या सूचनेच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. २०१० साली तिथे मगरीने एका पर्यटक तरुणीचा जीव घेतला होता. तिसऱ्या सकाळी स्कूबा, दुपारी सक्तीची झोप, तिथी जुळली तर रात्री कयाक. चौथ्या सकाळी एलिफंट बीच आणि दुपारच्या बोटीने नील. हवा बिघडून तिसऱ्या दिवसाचं स्कूबा हुकलं तर ते चौथ्या सकाळी घ्या आणि एलिफंट बीच सोडा. पाचव्या सकाळी सीतापूरचा सूर्योदय, भरतपूर, ओहोटी जुळली तर खडकपूल, आणि दुपारी परत पोर्ट ब्लेअर. यात हॉटेलं तीन वेळा बदलतात, हा या आखणीचा दोष आहे. सामान कमी ठेवा. मुलाने दोन डाईव्हचा हट्ट धरला आणि तुम्हालाही बरं वाटत असेल, तर चौथी रात्रही हॅवलॉकलाच काढा, नील पाचव्या दिवशी जाता जाता चार तास बघा. दोन्ही चालतं, मी तुमच्या जागी असतो तर आईंकडे बघून पहिलं निवडलं असतं.

किरकोळ गोष्टी. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. समुद्राखालची केबल २०२० मध्ये आली तेव्हापासून नेट सुधारलंय, तरी बेटावर ते कधी दगा देईल याचा नेम नाही. वाळूत संध्याकाळी बसलात तर वाळूमाश्या चावतात, डासांपेक्षा वाईट खाज सुटते. पायाला खोबरेल तेल जाड थर देऊन लावा आणि टॉवेलवर बसा.

आणि किनाऱ्यावरून शंख, शिंपले, मेलेल्या पोवळ्याचा तुकडासुद्धा उचलू नका. पोवळं वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. हे मुलापेक्षा आईंना सांगून ठेवा. देव्हाऱ्यात ठेवायला म्हणून पदरात शंख बांधून आणलेल्या आज्या मी दर हंगामात पाहिल्यात.